बंद दारासमोर

बाणेरला रावसाहेबांच्या शेतात कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी स्वतःचं जुनं घर पाडून तिथे एक छोटा हॉल बांधला. दर रविवारी सकाळी त्यात प्रियदर्शनीचा फिल्म क्लब भरायचा. भरायचा कसला, चार टाळकी जमायची. आता कॉम्प्युटरची जावा भाषा शिकवणाऱ्या एका क्लासला तो हॉल हवा होता.

"ताई, ह्यो शेवटचा रविवार," रावसाहेब म्हणाले. "तुमच्या त्या दाराच्या पिच्चरला कुत्रंबी येत न्हाय."

पिच्चर एका परदेशी दिग्दर्शकाचा. त्यात शेवटी पडद्यावर नुसतं एक बंद दार दिसत राहतं, बराच वेळ, आवाजाशिवाय. माणसाला थांबू द्या, मग तो आपोआप पाहायला लागतो, असं त्या दिग्दर्शकाचं म्हणणं. नोकरीसाठी अमरावतीहून आलेली प्रियदर्शनी तो पिच्चर पहिल्यांदा पाहून ढसाढसा रडली होती. एवढं शांत तिला देवळातही कधी वाटलं नव्हतं. हॉल गेला की पुण्यात हा सिनेमा लावणारं कोणी उरणार नव्हतं.

ती इरेला पेटली. "आज तुम्ही बसा. कंटाळलात तर खुशाल उठा, चाव्या देते. पण शेवटपर्यंत उठला नाहीत, तर हॉल क्लबचा."

"दोन मिन्टांत उठतो का न्हाय बगा!"

दोघंच बसले. दार आलं.

"दार हाय. दिसलं. फुडं?" रावसाहेब खुर्चीचे हात धरून उठू लागले, आणि तसेच थांबले. "कुटलं म्हनायचं ह्ये?"

"पोलंडचं. का?"

"आमच्या जुन्या घराचं हाय."

ते खाली बसले.

थोड्या वेळाने दारामागे कोणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. प्रियदर्शनीने हा सिनेमा कितीतरी वेळा पाहिला होता. त्यात भांडं नव्हतं.

तिचा हात रिमोटकडे गेला. तिने तो मागे घेतला. आपणच घाबरून बंद करायचं, तर एवढं भांडलो कशाला? बघायचं म्हणजे बघायचं.

दार किंचित उघडलं. परत लागलं.

तिने मान वळवली. रावसाहेब शेजारीच होते, ताठ, डोळे पडद्यावर.

"उठला नाहीत," ती म्हणाली. "हरलात."

"हॉल तुमचा, ताई," रावसाहेब म्हणाले.

शेजारी बसलेल्या रावसाहेबांचे ओठ मिटलेलेच होते. आवाज पडद्यावरच्या दारामागून आला होता.