घरमालकाचा फोटो

डीमन या डच गावातल्या आमच्या फ्लॅटपासून ट्रामच्या दोन थांब्यांवर जुन्या सामानाचं दुकान आहे. तिथे मला कॅप्टन तेंदिना सापडला, एक जुनं इटालियन कॉमिक. इटालियनमध्ये तेंदिना म्हणजे छोटा पडदा. हा सुपरहिरो मूळचा गावातला औषधवाला. स्वयंपाकघरातला फुलाफुलांचा पडदा तोंडाला गुंडाळून जग वाचवायला निघतो. पोट काही पडद्यात मावत नाही. अख्खं गाव त्याला ओळखतं आणि न ओळखल्यासारखं करतं. चुकून कुणी "काय औषधवाले!" म्हणालंच, तर हा दचकून विचारतो, "कोण औषधवाला?"

"लोक इथे येऊन डच शिकतात," माझा नवरा अश्वजित म्हणाला, "आणि आमच्या बाईसाहेब इटालियन!"

मी फोनवरून, शब्दकोशातून, माझी मीच शिकत होते. प्रत्येक चौकटीला नंबर देऊन वहीत मराठी उतरवायचे. मार्चमधली नोंद अशी आहे: "चौकट ६१. औषधवाल्याकडे पाहुणे. मागे भिंतीवर नुसता खिळा. बोलफुगा रिकामा, छपाईची चूक? चौकट ६४, शेवटची. एक म्हातारी, कानाला फोन. फुगा रिकामा."

आमच्या हॉलमध्येही एक खिळा आहे. त्यावर माझ्या वडिलांचा, अप्पांचा फोटो असतो. पांढरा सदरा, खिशाला पेन, मागे दीक्षाभूमीचा स्तूप. अप्पा शाळामास्तर होते. फोटो काढताना हसायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

माझ्या मुलीच्या, समताच्या शाळेत मुलं असलेल्या पुण्याच्या बायका घरी येणार असल्या की मी तो फोटो काढून कपाटात चादरींखाली ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी कधी काही बोललंही नव्हतं.

"माझं नाव अश्वजित, मुलीचं समता," नवरा एकदा म्हणाला होता. "फोटो लपवून काय होणार, शैला?" मी कुकरची शिट्टी नीट बसवत राहिले.

नोव्हेंबरच्या त्या रविवारी दुपारी त्यांच्यातली नीलांबरी दोन नव्या मैत्रिणींना घेऊन फराळाला आली. चकली मोडता मोडता तिची नजर भिंतीकडे गेली.

"अगं, इथे फोटो होता ना? त्या दिवशी समताला सोडायला आले तेव्हा पाहिला होता. पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ. कोण गं ते?"

तिने अगदी सहज विचारलं होतं. तिच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं.

"तो होय," मी म्हणाले. "घरमालकांचा."

डच घरमालक नागपुरात स्तूपासमोर कशाला उभा राहील, हे बोलून झाल्यावर सुचलं. तिघींनी माना डोलावल्या. एकीने चिवड्याची कृती विचारली.

जमिनीवर लेगो जोडणारी समता म्हणाली, "नो आई, दॅट्स आजोबा."

"तू खेळ गं," मी म्हणाले.

चार वाजता अश्वजित त्यांना मेट्रोपर्यंत पोचवायला गेला. माझे कान तापले होते. काहीतरी वाचावं म्हणून मी तेंदिना उघडला.

चौकट ६१. फुगा रिकामा नव्हता.

"ए देल पाद्रोने दी काझा." घरमालकाचा आहे.

अक्षरं इतर अक्षरांइतकीच जुनी, तितकीच फिकट. ओलं बोट घासून पाहिलं, शाई हलली नाही. वही काढली. माझंच अक्षर: बोलफुगा रिकामा.

मी कपाटातून फोटो आणला. पदराने काच पुसली, खिळ्याला लावला. अप्पा होते तसेच होते. सदरा, पेन, स्तूप. हसू नाही.

"समता, कोण गं हे?"

तिने वर पाहिलं. जरा वेळ पाहिलं. "दे हाउसबास," ती डचमध्ये म्हणाली. घरमालक.

टोमणा असावा. माझीच मुलगी.

"मघाशी काय म्हणालीस?"

"काय?" तिने विचारलं. चेहऱ्यावर खोडी नव्हती.

दार वाजलं. अश्वजितने बूट काढले, हॉलमध्ये आला आणि थबकला.

"हे कोण?"

"अश्वजित, पुरे."

"अगं खरंच विचारतोय. मालकांनी लावायला सांगितलाय का?"

अप्पांच्या शेवटच्या आजारपणात अकरा रात्री दवाखान्यात हाच माणूस बसला होता.

मी नागपूरला फोन लावला. आईने व्हिडिओ सुरू केला. नेहमीसारखं अर्धं कपाळ आणि मागची भिंत. भिंतीवर तोच फोटो, मोठ्या आकारातला, हार घातलेला.

"आई, तुझ्या मागे फोटो कुणाचा आहे?"

ती वळली. चष्मा वर सरकवून तिने नीट पाहिलं. माझ्या मांडीवर तेंदिना उघडा होता, शेवटचं पान, फोनवरच्या म्हातारीचं. मी तिकडे बघत नव्हते.

"हा होय," आई म्हणाली. "आपल्या घरमालकांचा ना?"

मी तेंदिना फटकन मिटला. आईला वाटलं, मी रागावले.

"काढून ठेवू का गं?" तिने हळूच विचारलं. "पाहुणे आलेत तुझ्याकडे?"