उंबऱ्यातलं पाणी

"पाय धुतलेस ते धुतलेस, पण हे सगळे हसतायत का, ते तरी सांग."

असं इबिदुन म्हणाली तेव्हा ती आमच्या उंबऱ्यात एका पायावर उभी होती आणि माझ्या हातात रिकामी किटली होती.

"आधी तुम्ही सांगा, डोळे कुठे ठेवून चालता?" मी म्हणालो. "चाळीस हात ताणा लावलाय दारासमोर. पांढरा धागा. त्यावरून लाल चिखलाचे पाय घेऊन आलात."

"मला वाटलं कुणीतरी दोरी वाळत घातलीय."

"विणकरांच्या गावात, इसेयिनला येऊन मागाचा ताणा ओळखता येत नाही?"

"मी इबादानची. आणि आवाज खाली कर, मी तुझ्याहून मोठी आहे."

"म्हणून तर 'तुम्ही' म्हणतोय. नाहीतर दुसरंच काहीतरी म्हणालो असतो."

ती हसली नाही. पण हसू दाबताना तिच्या नाकपुड्या हलल्या. ते मी पाहिलं.

चूक माझीच होती. घरात चिखल नको म्हणून रागाच्या भरात मी तिच्या पायांवर किटलीभर पाणी ओतलं. आमच्याकडे उंबऱ्यात पाय धुतात ते फक्त नव्या नवरीचे. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, पण एवढं तर मलाही माहीत होतं. राग आला की मला माहीत असलेलं काही आठवत नाही.

शेजारचे चारही माग थांबले. अलाके आत्या खुर्चीतून म्हणाली, "मुफू, बायको आणलीस आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस. आणि पाय बायका धुतात, बाबा. नवरा नाही."

इबिदुन आत्याकडेच आली होती. युनिव्हर्सिटीत गाणं शिकायची, वरच्या पट्टीतलं... इतकं वरचं की ती गायला लागली की आमच्या बकऱ्या चरायच्या थांबायच्या. डिसेंबरात इबादानला तिला परीक्षकांपुढे गायचं होतं. जमलं तर लंडन. त्यातलं एक गाणं तिने स्वतः शोधून आणलेलं हवं होतं, आणि तिला हवं होतं नवरीचं रडगाणं, बाप सोडून जाताना मुलगी गाते ते. पूर्ण गाणं फक्त आत्याला येत होतं. दोन प्रोफेसरांना तिने पाणी पाजून परत पाठवलं होतं. नवरी नसलेल्या बाईला ती ते शिकवत नसे.

"पण हिचे तर पाय धुतलेत," आत्या म्हणाली. "हिला शिकवायला हरकत नाही."

इबिदुनने माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली. "पण मला फक्त शनिवारी जमेल."

मग दर शनिवारी ती यायची. ताण्याला वळसा घालून, पाऊल मोजत. आत्यापुढे बसून गायची, कंदाच्या पिठाच्या अमालाचे तीन गोळे खायची आणि मग माझ्या मागापाशी उभी राहायची.

"हे निळं कुणासाठी?"

"नवरीसाठी."

"कुठल्या?"

"खोट्या."

"मग जरा हळू वीण," ती म्हणाली. "खोट्या नवरीला घाई नसते."

मी हळू विणलं. एवढंच सांगतो.

नोव्हेंबरात आत्याने शिकवणं संपवलं. "शेवटचं कडवं मी देत नाही," ती म्हणाली. "ज्या घरी जायचं त्या घराचं ते असतं. ज्याचं त्याने रचायचं."

"मला घर नाही आत्या, मला लंडनला जायचंय."

"मग लंडनचं रच."

आत्याला घेऊन मी इबादानला गेलो. हॉलमध्ये पंखे होते, तरी घाम येत होता. आधी ती परक्या भाषांत गायली. चांगलं असावं. लोक हलत नव्हते. मग तिने रडगाणं सुरू केलं. आईचा निरोप घेतला, बापाचा घेतला, विहिरीचा घेतला. शेवटच्या कडव्याआधी थांबली... इतका वेळ की एका परीक्षकाने चष्मा काढला.

मग ती गायली, ज्या उंबऱ्यात न विचारता माझे पाय धुतले, तिथली लाल माती अजून माझ्या टाचेत आहे, लंडनच्या पाण्याने ती जाईल का ते बघून येते.

आत्याने मला कोपर मारलं. जोरात.

बाहेर मी इबिदुनशी भांडलो. दुसरं काय करणार.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांना कुठे माहीत, उंबरा कुणाचा ते."

"मला माहीत आहे ना."

"तुलाच सांगत होते, मुफू."

निळं कापड पिशवीत होतं, ते दिलं. तिने वास घेतला, धाग्याचा. एक वर्षाचा कोर्स आहे, म्हणाली. मी म्हणालो, बरं.

तिची निवड झाली, आणि वर्षभर ती लंडनहून फोनवर सांगत राहिली. चर्चमध्ये गायली. एका संगीत नाटकात मोलकरीण झाली, सात ओळी मिळाल्या. रडगाण्यावर दोनशे पानं लिहिली. मग एप्रिलमध्ये मेसेज आला, 'इथेच नोकरी देतायत. इबादानलाही शिकवायला बोलावलंय. काय करू?'

मी लिहिलं, 'करा काय करायचं ते,' आणि तीन दिवस फोन चार्ज केला नाही. आत्या म्हणाली, ताण्यात आज धागे तुटून सतरा गाठी झाल्यात. तिने मोजल्या होत्या.

चौथ्या दिवशी फोन चार्जिंगला लावला. एकच मेसेज होता. 'किटली आहे का अजून?'

मी लिहिलं, 'आहे. तोटी फुटलीय. तू ये.'

'तू' लिहिलं गेलं. खोडलं नाही.

'शनिवारी,' तिने लिहिलं.

आज शनिवार. सकाळपासून पाऊस, म्हणजे चिखल आहेच. ताणा मी काढलेला नाही, तिला वळसा माहीत आहे. आत्याने नवं लुगडं नेसलंय आणि किटली माझ्या हातातून काढून घेतलीय. "या वेळी नीट होऊ दे," ती म्हणाली. "पाणी मी घालणार. आणि नवरी उंबऱ्यात येते तेव्हा नवऱ्याने घरात थांबायचं नसतं. चल, ऊठ."

वळणावर मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. भाड्यावरून कुणीतरी भांडतंय, फार वरच्या पट्टीत. बकऱ्यांनी मान वर केलीय.

मला आता निघायला हवं.