तपकिरी ठिपके

रूपरावांच्या मेंदूतली गाठ काढून पंधरा दिवस झाले होते. दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं, तर गाठीच्या कापाची काचपट्टी घरच्यांनीच वर्ध्याच्या लॅबमध्ये नेऊन द्यायची असते. ते काम त्यांच्या मुलीनं, वर्षालीनं, हौसेनं अंगावर घेतलं. अकरावीत जीवशास्त्रात पहिली आलेली पोर ती! पट्टी आधी समुद्रपूरच्या आपल्या शाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय तिला चैन पडेना.

निळ्याच निळ्या पेशी, मध्येच एखादी तपकिरी. तपकिरी म्हणजे वाढीचं प्रथिन असलेली, दुपटीला निघालेली. त्या जितक्या जास्त, तितकी गाठ वाईट, आणि माणसाचे दिवस तितके कमी. रिपोर्टात शंभरात चार लिहिलं होतं. तिनं मोजल्या. चारच. जीव भांड्यात पडला.

घरी आई, रुख्माबाई, तूर निवडत होती.

"पोरी, दुपारी तुह्या बाबाले काय झालं होतं कोण जाणे. खाटेच्या लाकडावर बोट आपटलं. चारदा."

"मच्छर मारत असन," वर्षाली हसली.

दुसऱ्या दिवशी, पेनानं खूण केलेल्या त्याच जागी, अकरा. जीवशास्त्राच्या प्रफुल सरांनीही डोळा लावला, अकराच.

"पट्टी सरकली असेल," सर म्हणाले. "मेलेल्या पेशी कुठं वाढतात का?"

घरी आईनं सुपाच्या कडेला तुरीचे दाणे वेगळे काढले होते. एका ठोक्याला एक दाणा. वर्षालीनं ते मोजले. अकरा.

"बाबा, काऊन वाजवता?"

"मी कुठं वाजवतो? डोक्यात कोणी मोजून राह्यलं का बोट आपोआप उचलते."

तिसऱ्या दिवशी तिनं पट्टी पाहिलीच नाही. थेट एस.टी.नं वर्धा गाठलं, लॅबच्या खिडकीवर पट्टी दिली, पावती घेतली.

"तीन वाजता मॅडम बघतील," तिथल्या बाई म्हणाल्या.

आपण मोजलंच नाही, तर संख्या वाढेल कशी? परतीच्या गाडीत तिनं मनाला हेच समजावलं.

पाच वाजता ती अंगणात शिरली. आईपुढं दाण्यांचा ढीग होता.

"तीनले सुरू झालं," आई म्हणाली. "सत्तरपर्यंत मोजलं म्या. मंग सोडून देलं."

आतून आवाज येतच होता. ठक. ठक.

वर्षाली दारात थांबली.

रूपराव गाढ झोपले होते. फक्त बोट जागं होतं.