गाय नसलेल्या गावातली खीर

चांदवाडी ही चंद्रावरची वस्ती. तिथे माणसं होती, यंत्रमानव होते, काचेच्या घुमटाखाली मेथीसुद्धा उगवत होती. गाय मात्र औषधालाही नव्हती. आणि तरीही शाल्मलीच्या सहा महिन्यांच्या भावाला, गोटूला, म्हणे गाईच्या दुधाची बाधा झाली होती!

झालं असं, की मागच्या आठवड्यात आजोबांनी लाडात येऊन त्याला दुधात बुडवलेलं बोट चाटवलं. घटकाभरात गोटूचे ओठ सुजले, अंगावर लाल गांधी उठल्या. वस्तीच्या डॉक्टर इनामदारबाई धावत आल्या. औषध देऊन त्यांनी बजावलं, "ही अ‍ॅलर्जी दिसते. गाईचं दूध अगदी बंद. पुढच्या वेळी श्वाससुद्धा अडकू शकतो."

"गाईचं?" त्या गेल्यावर आजोबा खो खो हसले. "अहो, इथे गाय आहे कुठे? इथे माझी टाकी आहे!"

आजोबा चांदवाडीचे दूधशास्त्रज्ञ. त्यांच्या टाकीवर ठळक पाटी होती : 'या दुधात गाय नाही.' गांधींचं खापर त्यांनी गंपूवर फोडलं. गंपू म्हणजे घरकामाचा यंत्रमानव. त्याने म्हणे झबली नव्या साबणाने धुतली होती!

"साबण जुनाच आहे," गंपू म्हणाला. पण त्याचं ऐकतो कोण?

उष्टावणाचा दिवस उजाडला. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा, ही आपली रीत. पण मामा पृथ्वीवर, साताऱ्यात. तेव्हा ठरलं असं, की मामाने तिथे हात हलवायचा आणि इथे गंपूचा हात हलायचा. एकच पंचाईत होती. चंद्रावरचं चित्र मामाला दिसून त्याची हालचाल इथे पोचेपर्यंत अडीच सेकंद जात. आदल्या दिवशीच्या तालमीत मामाने उशीला पोटभर भरवलं होतं.

गोटू पाटावर बसला. वाटीत टाकीच्या दुधाची खीर होती. आईचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

"बाबा, नक्की ना? काही होणार नाही ना त्याला?"

"अगं, गाय नाही तर गाईची बाधा कसली? शिवाय यात दुग्धशर्करा (दुधातली साखर) पण नाही. काहींच्या पोटात ती पचवणारं विकर (पचनाला मदत करणारं द्रव्य) कमी असतं. मग पोट फुगतं, गुरगुरतं. तीही भानगड मी ठेवली नाही."

"गोटूचं पोट कुठे गुरगुरलं होतं?" शाल्मली म्हणाली. "ओठ सुजले होते. आजोबा, साखर नाही, गाय नाही, मग तुमच्या दुधात आहे तरी काय?"

आजोबांचे डोळे लकाकले. "लहानपणी सासवडला आमची कपिला होती. मी पेला घेऊन गोठ्यात उभा असायचो, दुधाचा फेस नाकाला लागायचा. ती चव इथे आणायची म्हणून किती वर्षं खपलो! यीस्टला (पाव फुगवणाऱ्या सूक्ष्मजीवांना) मी कपिलासारख्या गाईची कृती शिकवली. आता ते तीच प्रथिनं (शरीर घडवणारी द्रव्यं) बनवतात. तंतोतंत तीच! कपिलालासुद्धा फरक कळला नसता!"

"मग गोटूच्या अंगाला कसा कळेल?"

आजोबा ताडकन उठले.

तेवढ्यात चमचा निघाला.

"मामा, थांब!" शाल्मली ओरडली. पण मामापर्यंत हाक पोचून त्याचा हात थांबेपर्यंत चमचा गोटूच्या तोंडाशी पोचला असता. आईने गोटूला पाटासकट मागे ओढलं. रिकाम्या झालेल्या जागी आजोबांनी चक्क स्वतःचं डोकं घातलं. अर्धी खीर तोंडात गेली, अर्धी मिशांत.

"गेला घास!" पडद्यावर मामा आनंदाने ओरडला. मग बारकाईने बघत म्हणाला, "ताई, गोटूला मिशा कधी आल्या गं?"

हसण्याचा भर ओसरल्यावर आजोबा मिशा पुसत खाली बसले. "चूक माझी. आपल्या शरीरात पहारेकरी असतात. रोगजंतू आले की ते तुटून पडतात. गोटूचे पहारेकरी दुधातल्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजतात. त्या लढाईने ओठ सुजतात. ते प्रथिन गाईतून आलं की टाकीतून, हे ते विचारत नाहीत. आकार तोच, म्हणजे शत्रू तोच."

"साबण जुनाच होता," गंपू पुन्हा म्हणाला.

"हो रे बाबा, चुकलो!"

आईने इनामदारबाईंना विचारून तांदळाची मऊ पेज केली, दुधाचा थेंबही न घालता. यावेळी मामा इतका जपून हात हलवत होता, की गोटूनेच कंटाळून गंपूचा हात धरला आणि चमचा तोंडात कोंबला. मिटक्या मारल्या. ओठ तसेच राहिले, गुलाबी आणि पेजेने माखलेले.

"त्याला दूध कधीच नाही का मिळणार?" शाल्मलीने विचारलं.

"बऱ्याच मुलांचे पहारेकरी वाढत्या वयात शहाणे होतात. ते डॉक्टर तपासून सांगतील. तोवर प्रथिनाचे इतके बारीक तुकडे करून बघू, की पहारेकऱ्यांना ओळखूच येऊ नयेत. पृथ्वीवर तसं बाळांचं दूध मिळतं. माझी टाकी का मागे राहील?"

दुसऱ्या दिवशी आजोबा एक छोटी नवी टाकी धूत होते. जुन्या टाकीवरच्या पाटीखाली, शाल्मलीच्या गोल अक्षरात, आणखी एक ओळ आली होती :

'पण आजोबांची कपिला आहे.'