खिंडीत सोडलेलं पीठ

खिंड बर्फानं बंद होण्याआधी पलीकडच्या खाणवस्तीत पीठ पोचवायचं, एवढ्यासाठी लाझर क्रोनहाइम निघाला होता. ज्याचं पीठ आधी पोचेल, त्याचं दुकान हिवाळाभर चालणार. आणि दुसरा एक व्यापारी नदीकाठच्या लांबच्या वाटेनं निघालाही होता.

बव्हेरियातलं गाव सोडून माँटानाच्या या डोंगरांत येऊन लाझरला बरीच वर्षं झाली होती. तिथं सगळ्याच जर्मनांना म्हणत तसं गिऱ्हाइकं त्यालाही ‘डचमन’ म्हणत. खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं. शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, दुकान बंद ठेवून तो आतल्या खोलीत एकटाच प्रार्थना म्हणे आणि स्वतःच्याच आवाजाला दचके.

सोबत खेचरं होती, आणि ती हाकणारा मेक्सिकोतल्या सोनोराचा अनास्तासिओ. सगळ्यांपुढे एक म्हातारी घोडी. तिच्या गळ्यातल्या घंटेमागे खेचरं निमूट चालत.

दुपारी आभाळ शिशासारखं काळवंडलं.

“शेठ, मागं फिरू या.”

“आता? अरे, खिंड समोर दिसतेय!”

“मला इथून माझी सासूपण दिसते. म्हणून काय तिच्याकडे जायचं?”

लाझर हसला, पण थांबला नाही.

खिंडीच्या तोंडाशीच वादळानं गाठलं. समोरचा हातही दिसेना! तेवढ्यात वर काहीतरी कडाडलं. कड्यावरचं बर्फ सुटलं होतं!

“सरका, शेठ!”

धक्का बसला. लाझर कपारीत आपटला. डोळे उघडले तेव्हा दोन खेचरं दरीत गेली होती आणि ढकलणारा अनास्तासिओ बर्फाखाली होता. लाझर नखांनी उकरत सुटला. हात. खांदा. चेहरा. श्वास चालू होता! पाय मात्र मोडला होता.

ओझ्यानिशी उरलेली खेचरं या बर्फातून उतरली नसती. लाझरनं सुरी काढली आणि त्यांच्यावरचे दोर कापले. एकेक पोतं धपकन पडलं, फुटलं. पीठ बर्फात मिसळून गेलं. रिकाम्या खेचरावर त्यानं अनास्तासिओला घट्ट बांधलं, घोडीच्या शेपटीला धरलं आणि तिला म्हणाला, “ने बाई, तुला कळेल तिकडे!”

उतारावर अनास्तासिओ तापानं बरळू लागला. “चेंतो, भावा, तू आलास? आईनं पाठवलं ना?”

लाझरला मोडकंतोडकं स्पॅनिश येत होतं. “हो रे. तिनंच पाठवलं. झोपू नकोस.”

“मका काढला?”

“काढला. यंदा कणसं हातभर आहेत!”

मक्याचं शेत लाझरनं आयुष्यात कसलं नव्हतं. पण तो बोलत राहिला. विहीर, बैल, बहिणीचं लग्न, सगळं रचत गेला. इतकं तो कित्येक वर्षांत कुणाशी बोलला नव्हता. बोलता बोलता खाली वस्तीचा धूर दिसला.

खाणावळीत माणसं गोळा झाली.

“पीठ कुठंय, डचमन?”

“वर राहिलं.”

कुणीतरी शिवी हासडली. खाणावळवाली आयरिश बाई, नोरा, शेकोटीजवळ अनास्तासिओच्या मोडक्या पायाला फळ्या बांधत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “हा तुझा कोण?”

लाझरनं अनास्तासिओच्या अंगावर कांबळं ओढलं.

“भाऊ.”

तिनं दोघांचे चेहरे निरखून पाहिले. मग शेकोटीपुढच्या गर्दीवर ओरडली, “उठा रे तिथून! याला भावाजवळ बसू द्या.”