उसनी ओ

दोन हजार चोवीस साल. माघाची पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. पहाटे स्वेटर लागायचा आणि दुपारी डोकं तापायचं, असे ते दिवस.

बसा. दिवा राहू द्या तसाच.

आधी एक सांगून ठेवतो. मी सिताराम, बौद्ध माणूस. शिकलो चौथीपर्यंत, पण आमच्या घरात गंडेदोरे, अंगारे, भूतखेत यांना जागा नाही. माझ्या बापाने ते सगळं गाठोडं बांधून गावच्या नदीत सोडलं आणि मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा मी भुताची गोष्ट सांगतोय असं समजू नका. झालं ते सांगतोय.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. माझी मुलगी क्रांती क्रूझवरच्या प्रवाशांना गाडी पुरवते, आणि गाडी मी चालवतो. जहाज सकाळी मुंबईच्या धक्क्याला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात कुठे फिरायचं ते प्रवाशाने आधीच निवडायचं. जहाजाच्या स्वतःच्या सहली असतात. त्या महाग, पण त्यांची बस कुठे अडकली तर जहाज थांबतं. आमची खाजगी गाडी स्वस्त, म्हणाल तिथे नेते. पण आम्हाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. माणूस धक्क्यावर आणि त्याची बॅग समुद्रात. क्रांती हे प्रत्येकाला बुकिंगच्या आधी सांगते. माझी गाडी कधी उशिरा पोचलेली नाही.

आदल्या दिवशी मी जेवत होतो. क्रांती फोन घेऊन समोर बसली.

"बाबा, उद्या एकच बाई आहे. केपटाउनची. अफशा नाव. मी सगळी लिस्ट पाठवली. लेणी, धोबीघाट, फ्लेमिंगो. एकपण नको म्हणते. जहाजाची टूरपण नको."

"मग काय पाहिजे?"

"तिवरखार. हे कुठे आलं?"

माझा घास हातातच राहिला.

"नाही म्हण तिला."

"मी हो म्हणून बसले. उलव्याच्या पुढे दाखवतंय मॅपवर. नवा पूल झालाय, पटकन जाल."

"मॅपवर नाव असेल. गाव नाही. लोक उठवले, भराव टाकला. कंटेनर ठेवणार आहेत तिथे."

"मग भराव दाखवा. तिच्या दादीचं माहेर आहे म्हणते. दोन फोटो काढेल, संपलं. यात टेन्शन कसलं?"

"उद्या उधाण आहे. भरती दुपारची."

"भरावावर कसली भरती, बाबा?"

मी ताट बाजूला सारलं. हात धुतले.

सकाळी धक्क्याच्या दरवाजावर अफशा उभी होती. तिशीची असेल. पांढरा सदरा, डोक्यावर हलकी ओढणी, पायात पळायचे बूट. जहाजावरचे बाकीचे लोक मोठ्या बसमध्ये चढत होते. त्यांच्यातला एक म्हातारा गोरा तिला इंग्रजीत काहीतरी चिडवून गेला. ती हसली आणि माझ्या गाडीत पुढेच बसली.

"तो बोलला, तुला सोडून जहाज जाईल," ती म्हणाली. मराठीत. मराठी कसली, उरण-पनवेलच्या जुन्या मुसलमान घरांत बोलत ती बोली. मी वळून पाहिलं.

"तुमी हसताव, चाचा. दादीकडना शिकले मी. आमचे तिथे कोकनी मानसा अशीच बोलतात."

"हसत नाही. पट्टा लावा."

"तुमी रागीट हाव का?"

"गाडी चालवताना."

ती पुन्हा हसली. पोरगी चांगली होती. हे लक्षात ठेवा, कारण मला पुढे जे वाटलं ते तिच्यासाठी वाटलं.

पुलावर गाडी लागली. दोन्हीकडे पाणी, मळकट चांदीसारखं. तिने काच खाली केली आणि वाऱ्यात ओढणी सावरली. मग म्हणाली,

"दादी गेल्या वर्षी वारली. सकिना नाव तिचा. शेवटी तिला कायपन कलत नव्हता. पन मधेच ओ म्हनायची. जोरात. हाक कोन मारी नाय, नि ही ओ देई. दिवसात दोनदा."

"ठरलेल्या वेळी?"

"नाय. वेल सरकायची. रोज थोरी उशिरा."

मी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती. पाहायचं कारण नव्हतं, तरी पाहिलं. रोज थोडी उशिरा सरकणारी गोष्ट मला एकच माहीत आहे. ती भरती. पुलाच्या खाली ती चढत होती.

"मग तिचा आवाज गेला," अफशा म्हणाली. "ओ देता येईना तर रडायची. मग तिच्या बदली मी ओ द्यायची. लगेच गप व्हायची. तीच सवय लागली मना. अजून कोनी दादीचा नाव घेतला तर माज्या तोंडातून ओ जाते." ती थांबली. "तुमी तिवरखार बगितलाव, चाचा?"

"एकदा."

"सांगा ना."

तिला मी थोडंसंच सांगितलं. तुम्हाला सगळं सांगतो.

तरुणपणी मी तळोज्याच्या एका कारखान्याचा ट्रक चालवत होतो. मीठ आणायला तिवरखारला गेलो होतो. आगरी आणि मुसलमान, दोन्ही वस्त्या एकाच बांधावर. गोण्या भरेपर्यंत सांज झाली. मी हलका व्हायला बांधाच्या खाली उतरलो आणि खाजणाच्या चिखलात रुतलो. गुडघा, मग मांड्या. भरती चढत होती. ओरडायची लाज वाटली. मला वाटलं, निघेन आपला आपण. पाणी छातीला आलं तेव्हा आवाजच फुटेना.

त्या गावची एक रीत होती. भरती चढली की एक बाई बांधावर उभी राही आणि घराघरातलं नाव घेऊन हाक मारी. जो बाहेर मिठागरात, चिखलात असेल त्याने ओ द्यायची. सगळ्यांची ओ आल्याशिवाय उघाडी, म्हणजे बांधाचा पाण्याचा दरवाजा, बंद करत नसत. ज्याची ओ आली नाही त्याला शोधायला दोर घेऊन निघत. ज्याची ओ दुरून आली त्यालाही आणायला जात.

ती हाक मी ऐकली. नाव माझं नव्हतं. कोणाचं होतं तेही कळलं नाही. मी ओ दिली.

दोराने ओढून त्यांनी मला वर काढलं. हाक मारणारी म्हातारी कंदील धरून माझ्यावर वाकली. तिच्या अंगाला सुक्या मासळीचा आणि पेंढ्याच्या धुराचा वास होता.

"तुजा नाव मी घेतलाच नाय," ती म्हणाली. "उसनी ओ दिलीस र. परत करशील ना?"

सगळे हसले. मीही दात वाजत असताना हसलो. करीन म्हणालो. त्या गावात पुन्हा गेलो नाही.

तर भरावापाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिवरं कुठे उरलेली नव्हती. नजर जाईल तिथे लाल मुरूम, सपाट, लोखंडासारखा दाबलेला. कडेला पत्र्याची चौकी. तिच्यातून एक माणूस बाहेर आला. देवजी त्याचं नाव. याच गावचा आगरी, उठवलेल्यांतला.

"फोटू काडाला आलाव? काडा. आमचा गाव हाय. पयले रालो, आता राखन करतू."

अफशाने दादीचं नाव सांगितलं. देवजीचा चेहरा मऊ झाला. त्याने हाताने दाखवलं: तिथे मशीद, तिथे विहीर, तिथे सकिनाचं घर. ती तिथे जायला निघाली.

"बाय, लवकर फिरा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळू बोलला, "बाबा, भरती चरली का मी पन चौकीच्या भायेर येत नाय."

"का?"

"हवा बरी नसतं."

"स्पष्ट बोल."

"ओ देवू नका. कोनालाच. बास."

मी त्याचा फोन नंबर घेतला, माझा दिला, आणि तिच्यामागे गेलो.

चालताना पायाखाली मुरूम करकरत होता. दूरवर डंपरांचा आवाज होता. मग तो आवाज गेला. डंपर दिसत होते, चाकं फिरत होती, धूळ उडत होती. आवाज नव्हता. आणि वास आला. सुकी मासळी. पेंढ्याचा धूर.

इथे चूल पेटवायला काडीसुद्धा नव्हती.

"चाचा," अफशा पुढून म्हणाली, "कोनतरी बोलावतेय..."

मला अजून ऐकू येत नव्हतं. मी झपाझप चालू लागलो. मग आलं. फार लांबून, आणि खालून. विहिरीत तोंड घालून कोणी बोलावं तसं. एक नाव. थांबणं. दुसरं नाव. थांबणं. घरामागून घर.

"अफशा. परत फिर."

"पानी आयला बगा..."

पाणी नव्हतं. मुरूम कोरडा होता. मी धावलो. या वयात धावलो. दहा पावलांवर ती होती तेव्हा हाक अगदी जवळ आली, माझ्या पोटरीपाशी आल्यासारखी.

"सकिने... गो सकिने..."

"ओ," अफशा म्हणाली.

साधी, सवयीने दिलेली ओ. शेजारच्या खोलीतून द्यावी तशी.

हाका थांबल्या.

मी तिचा दंड धरला. थंड होता, ओल्या दोरासारखा. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिला मी दिसत नव्हतो.

"सगली आली," ती म्हणाली. "आता उघारी लावतील. चला आत..."

"कुठे आत? जहाज सुटेल तुझं."

"जहाज थांबत नाय कोनासाठी," ती म्हणाली. "ही थांबतात."

मी ओढलं. ती हलली नाही. खाली पाहिलं. रोलर फिरवलेल्या त्या मुरमात तिचे बूट घोट्यापर्यंत बुडाले होते. माझे पाय वर होते, कडक जमिनीवर. तिचे आत जात होते. सावकाश. चिखल चोखतो तसा एक आवाज येत होता, आणि तेवढाच आवाज त्या सगळ्या मैदानात होता.

मी पुन्हा ओढलं. खांद्यात कळ आली. तिच्या पोटऱ्या बुडू लागल्या. ती हसत होती, सकाळी गाडीत हसली तशी.

मी भूत मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण घेतलेलं उसनं परत करायचं असतं, मग देणाऱ्याला मी मानत असो की नसो.

मी तिचा दंड सोडला. ताठ उभा राहिलो. खाली बघून बोललो नाही, समोर बघून बोललो.

"ती ओ हिची नाही. ही पाहुणी आहे. तुमची एक ओ माझ्याकडे आहे. मी सिताराम. ट्रकवाला."

काही नाही. ऊन. मग माझ्या पायाखालचा मुरूम थोडा सैल झाला. भाकरीच्या पिठासारखा.

आणि माझं नाव आलं. तोच म्हातारीचा आवाज. त्या सांजेला तिने माझं नाव विचारलंही नव्हतं.

"सितारामा..."

मी ओ दिली. पोटातून दिली, त्या संध्याकाळी दिली होती तशी.

डंपरांचा आवाज एकदम कानात घुसला. अफशा माझ्या अंगावर कोसळली. तिचे पाय मोकळे होते. खाली मुरूम सपाट होता, भेगसुद्धा नव्हती. पण तिच्या बुटांपासून पोटरीपर्यंत काळा, ओला चिखल होता आणि त्यात तिवराची कोवळी पानं चिकटलेली होती.

"काय झाला?" ती म्हणाली.

"ऊन लागलं. चल."

देवजी चौकीच्या दारात उभा होता. बाहेर आला नाही. मी गाडी काढली.

जासईपाशी ट्रेलरांची रांग लागली होती. क्रांतीचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात? जहाजवाल्यांची शेवटची बस आत गेली. ती राहिली तर मी काय तोंड दाखवू?"

"पोचवतो."

"कशी आहे ती?"

मी बाजूला पाहिलं. अफशा बाटलीतलं पाणी घटाघट पीत होती. रंग परत आला होता.

"जिवंत आहे," मी म्हणालो.

"हे काय बोलणं, बाबा?"

मी फोन ठेवला. पुलावर तिने एकदाच विचारलं, "चाचा, तुमाला कोन हाक मारत होता?" मी म्हणालो, ओळखीचे लोक. धक्क्यावर पोचलो तेव्हा दरवाजावरचा शिपाई हात करून घाई करत होता. ती उतरली, दोन पावलं गेली, परत आली आणि माझ्या हाताला हात लावून गेली. शिडी वर घेतली तेव्हा ती जहाजात होती. मी ते डोळ्यांनी पाहिलं.

गाडी वळवत होतो तर देवजीचा फोन आला.

"बाबा, तुमी परत आलाव काय हिकरं?"

"नाही. मी मुंबईत, धक्क्यावर. का?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मंग तिकरं कोन हाय? तुमची गारी गेली तवापासून ऐकतंय. हाक मना ऐकू नाय येत. ओ येतं. एक झाली का थोऱ्या येलानं दुसरी... आवाज तुमचा हाय, बाबा."

"अजून येतोय?"

"भरती उतरतं तसा बारीक होत चाललाय..."

"आत बस," मी म्हणालो. "दार लावून घे."

उसनी घेतली होती. परत केली.