वरच्या विंधणाची राखण

जनुकवाचकाच्या पडद्यावरची ओळ इर्शाद मुकादमने दोनदा वाचली आणि खुर्ची कुमुदताईंकडे वळवली.

“उताराखालच्या विंधणातल्या पाण्यात जीव सापडलाय. पण तो या ग्रहावरचा नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या दह्यातला आहे. म्हणजे तुमच्या विरजणातला, ताई.”

डॉ. कुमुदिनी नाबर यांनी चष्मा पुसला. वेंगुर्ल्याहून आईचं विरजण वाळवून त्यांनीच इतक्या दूर आणलं होतं.

“मी ते तिथं टाकलं, असं म्हणायचंय तुला?”

“वाहतं पाणी सापडलं तरच मुक्काम, नाहीतर परवा परत. आणि परतीचं उड्डाण तुमच्या हृदयाला झेपणार नाही, हे तळावर सगळ्यांना ठाऊक आहे.”

बोलणं आदबीचं होतं, नजर मात्र तपासनिसाची. याच तळप्रमुखाला त्यांनी एकेकाळी हात धरून माती चाळायला शिकवलं होतं.

“नुसतं पाणी असून भागत नाही, हे तुला मीच शिकवलं. साचल्या पाण्यात जीव असेल ते खाऊन संपवतो आणि आपल्याच घाणीत मरतो. पाणी फिरलं तर क्षार आणतं, मळ नेतं. तेव्हा कुठं ग्रह जीव पोसतो. मग दही ओतून मला काय मिळणार?”

“वेळ. फेरतपासणीला महिना लागेल.”

दारात विंधणयंत्र चालवणारा तातू गावडे कधीचा टोपी चुरगळत उभा होता.

“साहेब, डॉक्टरीणबायंका कित्याक बोलतास? दही मिया घातलंय.”

“तू?”

“खालचा विंधण मारला तेव्हा जागेच्या देवाक राखण देवक ऱ्हवली. पाती मोडली. मगे वरचा विंधण मारताना त्या जागेवाल्याक दहीभात दिलंय. गावात देतत तसो.”

“निर्जंतुक केलेल्या विंधणात दहीभात!” इर्शादने कपाळ धरलं. “तातू, तुला काय म्हणावं?”

कुमुदताई मात्र पुढं झुकल्या. “कुठं ठेवलास?”

“ठेवूक नाय. नळीच्या तोंडात सोडलंय.”

“वरच्याच? खालच्या नक्की नाही?”

“देवाशपथ, बाय. वरच्याच. पाच म्हयने झाले.”

कुमुदताईंना वेंगुर्ल्याचा डोंगर आठवला. लहानपणी मामा वरच्या पाण्याच्या कोंडीत टोपलीभर भाताचा तूस ओतायचा आणि पोरांना खालच्या झऱ्यावर बसवायचा. तिसऱ्या दिवशी तूस तरंगत यायचा तेव्हा केवढा ओरडा व्हायचा!

“इर्शाद, खालचं विंधण कुलूप लावून बंद कधी केलंस?”

“सहा महिने झाले. आतलं यंत्र तिथूनच वाचून पाठवतं. बाहेर काढायची गरजच पडली नाही.”

“गेल्या आठवड्यापर्यंत पाणी स्वच्छ होतं?”

“एकदम.”

“आणि वरचं तिथून किती लांब?”

“तीन किलोमीटर. चढावर...” इर्शाद पडद्याकडं बघत राहिला. “ताई, म्हणजे ते जमिनीखालून...”

“वाहत आलं. पाच महिन्यांत तीन किलोमीटर. आणि तातूचा भात वाटेतच संपला असणार, तरी जीव जगला.”

तातू दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. इर्शादच्या कपाळावरची आठी अजून गेली नव्हती.

“पण कुणी झाकण उघडलं असेल तर?”

“विचार की. किल्ली कुणाकडं असते?”

इर्शादचा हात नकळत गळ्यातल्या साखळीला अडकवलेल्या एकुलत्या किल्लीकडं गेला.